कुंपणाचा खांब दर वेळी जमिनीलगतच मोडतो आणि काँक्रीट आत राहतं, त्यावर उपाय

मागच्या अंगणातलं जुनं लाकडी कुंपण काढायला घेतलं की हे हमखास होतं. फळ्या पटापट निघतात, दोन तासांत अर्धं अंगण मोकळं दिसायला लागतं, आपल्याला वाटतं झालंच आता, आणि मग पहिल्या खांबाला जोर लावला की तो जमिनीपाशी कटकन मोडतो. वरचा भाग हातात येतो आणि खालचा काँक्रीटच्या गोळ्यात अडकून तसाच जमिनीत राहतो. दुसऱ्या खांबाचं तेच, तिसऱ्याचं तेच. मग कोणी त्यावर माती ओढून टाकतं, आणि पुढे नवीन कुंपण घालताना बरोबर त्याच जागी टिकाव आपटतो.

मी आत्तापर्यंत स्वतःचं आणि ओळखीच्यांची धरून बरीच कुंपणं काढलीत, आणि पहिल्या दोन वेळा अगदी असंच झालं, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय. फळ्या काढणं हे या कामातलं सोपं काम आहे. खरं काम जमिनीखाली असतं, आणि त्याचा विचार फळीला हात लावायच्या आधी करायचा असतो.

आधी खांब तिथेच का मोडतो ते बघू. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओल पण लागते आणि हवा पण लागते. जमिनीत खोलवर ओल असते पण हवा फार कमी, वर उघड्यावर हवा भरपूर पण लाकूड पावसानंतर वाळून जातं. दोन्ही एकत्र मिळतात ती जागा म्हणजे जमिनीच्या पातळीच्या जरा वर आणि जरा खाली असा पट्टा. लाकडात साधारण २० टक्क्यांपेक्षा जास्त ओल टिकून राहिली की कुजणं सुरू होऊ शकतं आणि या पट्ट्यात ती टिकतेच. त्यात काँक्रीट भर घालतं, कारण लाकूड वाळलं की आकसतं आणि खांब नि काँक्रीट यांच्यामध्ये बारीक फट पडते, पावसाचं पाणी त्या फटीतून आत जातं आणि काँक्रीटच्या गोळ्याला खाली वाट नसली तर वाटीत साठावं तसं साठून राहतं. वर्षानुवर्षं हे चाललं की खांबाचा नेमका तेवढाच भाग भुसभुशीत होतो. वाळवी असेल तर तीही खालूनच शिरते. पण गंमत बघा, काँक्रीटच्या तळाशी असलेलं लाकूड बऱ्याचदा अजून चांगलं टणक असतं. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

म्हणून पहिलं काम, काहीही काढायच्या आधी एक जाडसा स्क्रूड्रायव्हर घेऊन प्रत्येक खांबापाशी बसायचं. खांबाच्या बुडाशी चार बोटं माती बाजूला करायची आणि चारही बाजूंनी टोक दाबून बघायचं. नुसत्या हाताच्या जोराने टोक सेंटिमीटरभर किंवा जास्त आत गेलं तर तो खांब कुजलाय, त्याला हलवायचं नाही, ओढायचं नाही. टोक टेकून थांबलं तर खांब धड आहे. खडूने खूण करून ठेवा, कुजलेल्याला फुली आणि धड असेल त्याला गोल. दहा-बारा खांबांना अर्धा तास लागतो, आणि या अर्ध्या तासाने पुढचा अख्खा दिवस वाचतो, कारण दोन्ही प्रकारच्या खांबांना वागणूक पूर्ण वेगळी द्यायची असते.

धड खांबाच्या बाबतीत सगळ्यात मोठी चूक म्हणजे तो आधी कापून टाकणं. वाटतं की एवढा उंच खांब अंगावर पडेल, सोयीसाठी फूटभर ठेवून वरचा करवतीने कापू. मीही पहिल्यांदा तेच केलं होतं. पण तो उंच भाग हाच आपला दांडा असतो! तो गेला की खालचा गोळा हलवायला काहीच हातात राहत नाही. खांब पूर्ण उंचीचा ठेवा, आदल्या संध्याकाळी बुडाभोवती वीतभर खोल चर खणून त्यात पाणी सोडा, रात्रभर मुरू द्या. सकाळी खांबाचं वरचं टोक धरून पुढे-मागे आणि मग डावी-उजवीकडे हलवायचं, झटके न देता, सावकाश. सुरुवातीला काहीच होत नाहीये असं वाटतं, मग बुडाशी पाण्याचे बुडबुडे येतात आणि गोळ्याभोवती फट दिसायला लागते, त्या फटीत परत पाणी ओता. चिकण माती असेल तर हे पाणी फार महत्त्वाचं, कारण गोळा वर उचलताना खाली पोकळी तयार होते आणि माती त्याला अक्षरशः ओढून धरते, पाणी खाली पोचलं की ती पकड सुटते.

गोळा हलायला लागला की उचलायचं कसं? कंबरेने तर अजिबात नाही. किती वजन असतं याचा अंदाज घ्या, ३० सेंमी रुंद आणि ६० सेंमी खोल असा साधारण खड्डा धरला आणि खांब १० बाय १० सेंमीचा, तर त्या खड्ड्यातलं काँक्रीट ८५ ते ९० किलो भरतं, कारण काँक्रीटचं वजन घनमीटरला साधारण २४०० किलो. वर मातीची पकड वेगळीच. म्हणजे एका माणसाने कवेत धरून उपटायची ही गोष्टच नाही. खांबाला जमिनीपासून वीतभर वर एक जाड लाकडी ठोकळा चार मोठ्या स्क्रूंनी पक्का बसवा, त्या ठोकळ्याखाली जॅक लावा, आणि जॅकच्या खाली रुंद फळी ठेवा नाहीतर गोळा वर यायच्या ऐवजी जॅकच ओल्या मातीत खाली जातो. जॅक थोडा चढवायचा, खांब हलवायचा, पाणी ओतायचं, परत चढवायचा. जॅक नसेल तर पहार आणि टेकू. दीड मीटरची पहार, टेकू टोकापासून १५ सेंमीवर, तर आपला जोर साधारण ९ पट होतो. टेकूला वीट वापरू नका, फुटते, लाकडाचा ओंडका घ्या. एक बाजू उचलली की फटीत दगड सारायचा मग दुसरी बाजू, असं करत करत गोळा आपोआप वर चढत येतो. खड्ड्याच्या एका बाजूला उतार खणून ठेवला तर शेवटी उचलावा पण लागत नाही, लोळवत बाहेर काढता येतो.

आता फुली मारलेले, म्हणजे कुजलेले खांब. मूळ प्रश्न यांचाच आहे. यांना हलवलं की मोडणारच, तेव्हा मोडायचं तर आपल्या सोयीने मोडा. फळ्या आणि आडव्या पट्ट्या काढून झाल्या की खांब सावकाश ढकलून पाडा, आणि खाली राहिलेल्या खुंटाकडे बघा. वरचा भुसा झालेला भाग छिन्नीने आणि हाताने कोरून काढत जा, बोटभर किंवा वीतभर खाली गेलं की टणक लाकूड लागतं. तिथे मधोमध ड्रिलने भोक पाडून एक लांब जाड स्क्रू बसवायचा, ज्याचं डोकं पान्ह्याने फिरवता येतं तो, कमीत कमी १० ते १२ सेंमी लाकडात गेला पाहिजे. डोक्याखाली जाड वॉशर घालून साखळी अडकवा आणि साखळी दोन ओंडक्यांवर आडव्या टाकलेल्या पहारेला बांधून किंवा जॅकने वर ओढा. बऱ्याच वेळा नुसता लाकडाचा खुंट सुटून बाहेर येतो आणि काँक्रीटमध्ये चौकोनी रिकामा खड्डा उरतो. नवीन कुंपण त्याच रेषेत, त्याच मापाच्या खांबांचं घालायचं असेल आणि काँक्रीटला तडे नसतील, तर तो खड्डा तसाच वापरता येतो, फक्त तळाला पहारेने भोक पाडा म्हणजे पाणी खाली झिरपेल. नाहीतर नवीन खांबाचं पण दहा-बारा वर्षांनी हेच होणार.

साखळी ओढताना कोणीही तिच्या रेषेत उभं राहायचं नाही. स्क्रू सुटला तर साखळी उसळून येते. आणि गाडीला साखळी बांधून खांब ओढायचा प्रकार मी बघितलाय, कृपा करून करू नका, तुटलेला खांब मागच्या काचेवर येऊ शकतो किंवा माणसावर.

लाकूड निघालंच नाही, किंवा गोळाच काढायचाय, तर गोळ्याच्या एका बाजूने त्याच्या खोलीइतकं खणा, चारही बाजूंनी खणायची गरज नसते. मग त्याला त्या खणलेल्या बाजूला ढकलून आडवं करायचं. तरी हलत नसेल तर फोडा. घणाने वरून घाव घालण्यापेक्षा कडेने घाला, गोळा जमिनीत दाबलेला असताना वरून कितीही मारा, जोर मातीत जिरतो, पण एक बाजू मोकळी असली की काँक्रीटला फुटायला जागा मिळते. हॅमर ड्रिल असेल तर एका ओळीत चार-पाच भोकं पाडून मग छिन्नी लावा, सरळ रेषेत चिरतं. काँक्रीटवर पाणी मारत राहा, ती पांढरी धूळ फुफ्फुसाला खूप वाईट, तिच्यात सिलिका असते, तोंडाला नुसता रुमाल बांधून भागत नाही, बारीक धुळीसाठीचा मास्क लागतो. डोळ्यांना चष्मा तर पाहिजेच, घण मारताना खपल्या कुठेही उडतात.

आणि एक प्रामाणिक सल्ला, प्रत्येक गोळा काढलाच पाहिजे असं नाही. तिथे नुसतं गवत किंवा छोटी झुडपं येणार असतील तर वरचा २० सेंमी भाग फोडून काढा आणि बाकीचा पुरून टाका, काँक्रीट काही कुजत नाही की विष सोडत नाही. नवीन कुंपण घालायचं असेल तर नवीन खांबांची जागा अर्ध्या अंतराने सरकवा, म्हणजे नवा खांब जुन्या दोन गोळ्यांच्या बरोबर मध्ये येतो. फक्त कुठे गोळे राहिलेत त्याचा मापासकट कागद करून ठेवा, पुढे झाड लावताना किंवा पाइप टाकताना लागतो. झाडच लावायचंय त्या जागी तर मात्र काढा.

खणायच्या आधीची एक गोष्ट मी आत्ता लिहितोय पण ती सगळ्यात आधी करायची आहे. कुंपणाच्या रेषेतून खूपदा विजेची केबल, पाण्याची किंवा गॅसची लाइन गेलेली असते, कारण ज्यांनी टाकली त्यांनाही कडेने टाकणं सोयीचं पडलेलं असतं. वीज, गॅस, पाणी बघणाऱ्यांकडून खात्री करून घ्या आणि शंका असेल तिथे पहारेऐवजी फावड्याने हळूहळू खणा. कुंपणावर दिवे लावलेले असतील तर मेन बंद करून आधी ती वायर सोडवा. शेजाऱ्यांना सांगणं पण आलंच, कुंपण नेमकं कोणाच्या हद्दीत आहे हे कागदावर बघून ठेवा आणि काढायच्या आधी दोन्ही बाजूंचे फोटो घ्या, कारण खांब गेले की हद्दीची खूणच जाते. दोन्ही टोकांना खुंट्या ठोकून दोरी बांधून ठेवली तर उत्तम. कुत्रं किंवा लहान मुलं असतील तर तात्पुरती जाळी तयार ठेवा.

फळ्या काढायचं थोडक्यात सांगतो. वरून खाली नाही, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जा. खिळा गंजून डोकं तुटत असेल तर त्याच्याशी भांडत बसू नका, फळी आणि आडव्या पट्टीच्या फटीत धातू कापायचं लांब पातं असलेली इलेक्ट्रिक करवत घालून खिळाच कापा. ग्राइंडर वापरणार असाल तर वाळलेल्या गवतावर ठिणग्या पडतात हे लक्षात घेऊन आधी जमीन ओली करा. फळी निघाली की तिथल्या तिथे खिळे ठोकून उलटे काढा किंवा वाकवून टाका, नंतर करू म्हणून खिळे वर असलेल्या फळ्या रचून ठेवल्या की कोणाचा तरी पाय पडतोच. आणि असा खिळा लागला तर धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवा. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, गंजात नाही, म्हणून चकचकीत खिळा लागला तरी धोका तोच. मातीने भरलेली खोल जखम असेल आणि शेवटच्या डोसला ५ वर्षं उलटून गेली असतील तर डॉक्टर सहसा परत डोस देतात.

कुंपण लोखंडी असेल तर गोष्ट थोडी बदलते. पाइपचा खांब पण जमिनीलगतच गंज खातो, कारण ओल आणि हवेचं तेच गणित. पण पाइप धड असेल तर ओढायच्या आधी मोठ्या पाइप पान्ह्याने तो जागच्या जागी फिरवून बघा, काँक्रीटची पकड एकदा सुटली की नुसता पाइप वर येतो. विणलेली जाळी ताणलेली असते, तिला मधूनच कापू नका, टोकाच्या खांबापाशी बोल्ट सैल करून आधी ताण उतरवा, मग एक उभी तार फिरवत वर काढली की जाळी तिथून सुटी होते आणि गुंडाळता येते. काटेरी तार सगळ्यात वाईट, कापली की ताणामुळे सापासारखी उसळते. जाड चामड्याचे हातमोजे, चष्मा, आणि कापताना बाजूला उभं राहायचं, दुसऱ्या माणसाने तार पकडीत धरलेली पाहिजे.

आता दुसरी नेहमीची अडचण, काढलेला ढीग महिनोन्‌महिने अंगणात पडून राहतो. याचं कारण मला तरी एकच दिसलंय, सगळं एकत्र टाकलेलं असतं आणि मिसळलेला ढीग कोणालाच नको असतो. २० मीटर कुंपण धरा, दर २ मीटरला खांब म्हणजे ११ खांब. काँक्रीट जवळपास ९५० किलो. फळ्या मात्र १.८ मीटर उंच, २ सेंमी जाड धरल्या तरी साडेतीनशे-चारशे किलोच. म्हणजे डोळ्याला ढीग लाकडाचा दिसतो पण वजन सगळं काँक्रीटमध्ये, आणि गाडी ठरवताना लोक लाकूड बघून ठरवतात, मग अर्धं भरल्यावर गाडीवाला नाही म्हणतो. चार ढीग पहिल्या फळीपासूनच वेगळे करा. लोखंड भंगारात लगेच जातं. माती झाडलेलं काँक्रीट राडारोड्यात, ते भरडून भरावाला वापरतात. चांगल्या फळ्या वेगळ्या. आणि चौथा ढीग संशयास्पद लाकडाचा.

हा चौथा ढीग नीट समजून घ्या. जुन्या कुंपणाचं लाकूड अनेकदा तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांच्या मिश्रणात मुरवलेलं असतं. सोंटी कामेशम या भारतीय शास्त्रज्ञाने १९३३ मध्ये ही पद्धत शोधली, आणि लाकूड टिकवायला ती इतकी जबरदस्त होती की जगभर पसरली. पण त्यातल्या आर्सेनिकमुळे पुढे अमेरिकेत २००३ च्या अखेरीस घरगुती वापरासाठीचं असं लाकूड बनवणं बंद झालं. नवीन असताना ते हिरवट दिसतं, पण उन्हापावसाने सगळंच लाकूड करडं होतं त्यामुळे वरच्या रंगावर जाऊ नका. फळीचं टोक ताजं कापून बघा, कडेने हिरवट पट्टा आणि मध्ये फिकट लाकूड असेल तर औषध मारलेलं आहे असंच धरा. काहीच कळत नसेल तरी तसंच धरा.

असं लाकूड जाळायचं नाही. शेकोटीत नाही, चुलीत नाही, बंबात नाही. धुरातून आर्सेनिक बाहेर पडतं आणि उरलेली राख त्याहून वाईट, चिमूटभर राखेतही ते भरपूर असतं आणि राख झाडांना घालायची आपली सवय असते. त्याचा भुसा करून बागेत पसरू नका, त्याच्या फळ्यांनी भाजीचा वाफा करू नका, जनावरांची गव्हाण तर नाहीच. खांबाला चिकटून असलेल्या मातीत पण ते थोडं झिरपलेलं असतं, ती माती भाजीच्या जागी टाकू नका. कापताना मास्क लावा, भुसा ताडपत्रीवर गोळा करा, हात धुवा. टाकताना तुमच्याकडचा कचरा उचलणाऱ्यांना सरळ सांगा की औषध मारलेलं लाकूड आहे, म्हणजे ते जळणात किंवा खतात न जाता योग्य जागी जाईल. डांबरासारखा वास येणारं काळं लाकूड, जुने रेल्वे स्लीपर वगैरे, त्यालाही हेच नियम, शिवाय ते उघड्या हाताला लागून वर ऊन पडलं की कातडी भाजल्यासारखी होते. जुना रंग असेल तर त्यात शिसं असू शकतं, कोरडा घासू नका.

आणि कुंपणात सिमेंटचे जुने पन्हाळी पत्रे असतील तर थांबा. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता मोठी, आणि नुसतं बघून ते खात्रीने सांगता येत नाही, प्रयोगशाळेत तपासावं लागतं. ते फोडायचे नाहीत, कापायचे नाहीत, ब्रशने घासायचे नाहीत. हे काम त्यातल्या माणसाकडेच द्या, पैसे वाचवायची ही जागा नाही, त्याचे तंतू एकदा फुफ्फुसात गेले की त्रास कित्येक वर्षांनी समोर येतो.

शेवटी खड्डे भरायचे राहतात आणि इथेही लोक घाई करतात. सगळी माती एकदम ओतली की पहिल्या मोठ्या पावसात तिथे पुन्हा वाटी तयार होते. १५ सेंमीचा थर टाका, पहारेच्या जाड टोकाने किंवा ओंडक्याने ठोकून बसवा, मग पुढचा थर. गोळ्याएवढी माती कमी पडणारच, ती बाहेरून आणावी लागते. वर चार बोटं उंचवटा ठेवा, तो काही दिवसांत खाली बसतो. मग दोरीला मोठं लोहचुंबक बांधून कुंपणाच्या अख्ख्या रेषेवरून गवतातून दोनदा फिरवा, दर वेळी मूठभर खिळे सापडतात.